मुंग्या, सुया आणि देवळालीचा ताप

रोजच्या बोलण्यात कानावर पडणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारांविषयी वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकासाठी निवडली आहेत. त्यांपैकी एकाही पत्रात व्याकरणाची शंका नाही. शब्द सगळे ओळखीचे असतात, वाक्यही सरळ असते, आणि तरीही समोरचा माणूस नेमके काय म्हणाला ते कळत नाही, ही सर्वांची तक्रार आहे. ही तक्रार इंग्रजी कच्चे असल्याची खूण मानू नये, एवढी विनंती करून उत्तरांकडे वळतो.

प्रश्न : मी मूळची सांगलीची असून गेले आठ महिने उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते आहे. इकडे येण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. तरीही वॉर्डातील वृद्ध रुग्णांचे बोलणे ऐकताना पुष्कळदा गोंधळ उडतो. एका आजीबाईंनी 'आय नीड टू स्पेंड अ पेनी' असे म्हटल्यावर त्यांना काहीतरी विकत घ्यायचे असेल, असे समजून मी त्यांची पर्स काढून हातात दिली. दुसऱ्या एका आजोबांनी सकाळी 'आय हॅड अ फनी टर्न' असे सांगितले तेव्हा मी हसले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते मनातून जात नाही. हे सारे कुठे शिकायचे?
— एक परिचारिका

उत्तर : आपण हसलात ते आजोबांना हसण्यासाठी नव्हे, 'फनी' हा शब्द आपण शाळेत ज्या अर्थाने शिकलात त्या अर्थाने ऐकलात म्हणून. त्याबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका. मात्र या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्या व्यवसायात अतिशय महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. 'फनी' म्हणजे गमतीदार, तसेच 'फनी' म्हणजे विचित्र, नेहमीसारखे नसलेले. 'फनी टर्न' म्हणजे अचानक घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, काही क्षण भान हरपल्यासारखे होणे. 'आय केम ओव्हर ऑल फनी' या वाक्याचाही अर्थ साधारण तोच. हे वाक्य कानावर पडले की ते रुग्णाच्या नोंदीत गेलेच पाहिजे, कारण त्यामागे रक्तदाब एकाएकी उतरणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, साखर कमी होणे किंवा मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटांसाठी खंडित होणे यांपैकी काहीही असू शकते. हे केव्हा झाले, किती वेळ टिकले, तोल गेला का, बोलताना जीभ अडखळली का, हे लगेच विचारावे आणि डॉक्टरांच्या कानावर घालावे.

पेनीची हकिगत निराळी आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये सार्वजनिक शौचालयांच्या दारांना नाण्यावर उघडणारी कुलपे असत आणि त्यांत एक पेनी टाकावी लागे. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते, तेथे जॉर्ज जेनिंग्ज यांनी बसवलेल्या शौचालयांसाठीही एक पेनीच आकारली जाई. ती कुलपे गेली, ती पेनीही चलनातून गेली, परंतु जुन्या पिढीच्या तोंडी वाक्प्रचार राहिला. आजीबाईंना लघवीला जायचे होते, आणि ते उघड सांगण्याचा त्यांना संकोच वाटत होता.

हा संकोच लक्षात घेतला की वॉर्डातील अर्ध्या बोलण्याचा उलगडा होतो. लघवीच्या तक्रारीला ते 'वॉटरवर्क्स' म्हणतील, म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा शब्द स्वतःच्या शरीराला लावतील. जुलाबांना 'द रन्स' म्हणतील. 'आय ॲम ऑफ माय फूड' म्हणजे अन्नावरची वासना उडाली आहे. हातापायांना मुंग्या येतात, याला त्यांच्याकडे 'पिन्स अँड नीडल्स' म्हणतात. जी संवेदना आपल्याला मुंग्या चालल्यासारखी वाटते ती त्यांना टाचण्या आणि सुया टोचल्यासारखी वाटते, एवढाच फरक. मधुमेही रुग्णाने हे शब्द उच्चारले तर त्यांचे महत्त्व मी आपल्याला सांगायला नको. 'अंडर द वेदर' याचा हवामानाशी संबंध नाही. थोडे बरे वाटत नाही, कसर आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'पुअरली' या शब्दाकडे मात्र अधिक लक्ष द्यावे, कारण त्याचे वजन बोलणाऱ्याप्रमाणे बदलते. उत्तर इंग्लंडमधील साधा माणूस 'आय ॲम फीलिंग पुअरली' म्हणतो तेव्हा त्याला बरे नसते, इतकेच. तेच रुग्णालयातील डॉक्टर नातेवाइकांना 'शी इज व्हेरी पुअरली' असे सांगतात तेव्हा प्रकृती गंभीर असते. शब्द सौम्य आहे म्हणून बातमीही सौम्य असेल, असे समजू नये.

आपल्याकडेही असेच चालते, याचा विचार केला तर परकेपणा पुष्कळ कमी होईल. एखादी इंग्रज परिचारिका मराठी शिकून सांगलीच्या रुग्णालयात कामाला लागली, आणि एका सासूबाईंनी तिला 'सुनेला दिवस गेलेत' असे सांगितले, तर तिला काय समजणार? दिवस म्हणजे काय आणि जाणे म्हणजे काय, हे तिला पाठ असेल. परंतु त्या दोन शब्दांत मूल कुठे आहे? 'परसाकडे', 'कावळा शिवला', 'पोटात कावळे ओरडताहेत', 'डोके उठले आहे' ही सगळी वाक्ये तिला पक्ष्यांची आणि घरामागच्या जागेची वाटतील. एकच कावळा एकदा विटाळ सांगतो आणि एकदा भूक, हे तिला कोणत्या शब्दकोशाने सांगावे? ते तिला एखाद्या जाणत्या मावशींनीच सांगावे लागेल.

तसेच आपणही वॉर्डातील एखाद्या जुन्या सहकारी परिचारिकेला विचारत जावे. अंगरख्याच्या खिशात एक लहान वही ठेवावी, ऐकलेले वाक्य आणि ते कोणी कोणत्या प्रसंगी म्हटले हे त्यात दोन ओळींत टिपावे, आणि पाळी संपताना विचारून घ्यावे. प्रसंग न लिहिता नुसता वाक्प्रचार लिहिलात तर आठवड्याने त्याचा काही उपयोग राहत नाही. रुग्णालाही सरळ विचारता येते. 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट बिफोर. व्हॉट डिड इट फील लाइक?' एवढे आपण म्हणालात तर वृद्ध माणसे आनंदाने समजावून सांगतात, कारण आपले बोलणे कोणी मनापासून ऐकते आहे, हे त्यांना त्यातून कळते. त्या आजोबांनाही हेच विचारावे. अजून वेळ गेलेली नाही.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमचे एक ग्राहक अमेरिकेतील आहेत आणि एक ब्रिटनमधील. मागील महिन्यात अमेरिकन ग्राहकांबरोबरच्या बैठकीत मी मांडलेल्या मुद्द्यावर त्यांच्या प्रमुख म्हणाल्या, 'लेट्स टेबल दिस.' मुद्दा चर्चेला घेतला असे समजून मी पुढची वीस मिनिटे तो मांडत राहिलो. सगळे गप्प होते. नंतर आमच्या व्यवस्थापकांनी सांगितले की, त्यांनी तो विषय बाजूला ठेवायला सांगितले होते. शब्दकोशात मात्र मी म्हणतो तोच अर्थ दिला आहे. चूक कोणाची?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चूक कोणाचीच नाही. 'टेबल' या क्रियापदाचे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत नेमके उलटे अर्थ आहेत. ब्रिटिश माणूस एखादा विषय 'टेबल' करतो तेव्हा तो चर्चेसाठी मेजावर मांडतो. अमेरिकन माणूस तो 'टेबल' करतो तेव्हा विषय पुढे ढकलतो किंवा गुंडाळून ठेवतो. आपण पाहिलेला शब्दकोश बहुधा ब्रिटिश वळणाचा असावा. या एका शब्दाने आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसांनाही अडचणीत आणले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात विन्स्टन चर्चिल यांनी असा एक प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून त्यांनी ते 'टेबल' करायचे आहे असे अमेरिकन सहकाऱ्यांना कळवले. अमेरिकन अधिकाऱ्यांच्या लेखी त्याचा अर्थ ते खणात टाकून विसरून जाणे असा होता. त्यावरून दोन्ही बाजूंत बराच वेळ कडवट वाद झाला, आणि मग ध्यानात आले की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती.

आपल्याला दोन देशांतील लोकांशी बोलावे लागते, म्हणून आणखी काही शब्दांची फोड येथे करून ठेवतो. अमेरिकन माणसाच्या बोलण्यात बेसबॉल असतो आणि ब्रिटिश माणसाच्या बोलण्यात क्रिकेट. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, ढोबळ हिशेब. बॉलपार्क हे बेसबॉलचे मैदान. असा आकडा मागितला की दोन दिवस बसून पैशापैशाचा तक्ता करू नये, कारण त्यांना तो तेथल्या तेथे हवा असतो. 'टच बेस' म्हणजे धावती गाठ घेणे, खबरबात विचारणे. हाही बेसबॉलचाच. उलट आपले ब्रिटिश ग्राहक 'बाय क्लोज ऑफ प्ले' काम मागतील, म्हणजे दिवसाचा खेळ संपेपर्यंत, संध्याकाळी कार्यालय सुटायच्या आत. हे आपल्याला सोपे जाईल, पण क्रिकेट येते म्हणून प्रत्येक ठिकाणी भरवशावर राहू नका. 'आय वॉज नॉक्ड फॉर सिक्स' असे कोणी म्हणाले तर आपल्या मनात षटकार उभा राहतो आणि आपण अभिनंदन करायला धावतो. तो माणूस मात्र गोलंदाजाच्या बाजूने बोलत असतो. त्याला षटकार बसलेला आहे. एखाद्या वाईट बातमीने किंवा आजाराने तो पार कोलमडला, असे त्याला सांगायचे असते.

'प्ले इट बाय इअर' याचे मूळ खेळात नसून संगीतात आहे. स्वरलिपी पुढे न ठेवता नुसते कानाने वाजवणे, म्हणून आधी आखणी न करता प्रसंग येईल तसे ठरवणे. 'टेक इट ऑफलाइन' म्हणजे इंटरनेट बंद करणे नव्हे. हा विषय सर्वांसमोर नको, आपण दोघे नंतर बोलू, असा त्याचा अर्थ आहे, आणि तो ऐकल्यावर आपण तेथेच थांबावे, अशी अपेक्षा असते.

आपल्या बाजूनेही एक काळजी घ्यावी. 'डू द नीडफुल' हा प्रयोग एके काळी ब्रिटनमध्येही रूढ होता. तिकडे तो मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांतून टिकून राहिला. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, मात्र अमेरिकन वाचकाला त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी करायचे काम नाव घेऊन लिहावे. 'आउट ऑफ स्टेशन' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे स्टेशन येते. आणि 'आय पास्ड आउट इन २०१५' हे वाक्य तर टाळावेच. आपण पदवीधर झालात असे आपल्याला म्हणायचे असते आणि ते समजतात की आपण बेशुद्ध पडला होतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शिकवणीच्या बाईंनी दोनशे इंग्रजी वाक्प्रचार अर्थासह पाठ करायला दिले आहेत. त्यात पहिलाच 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा आहे. याचा बोलण्यात खरोखर उपयोग होतो का?
— एक पालक, अकोला

उत्तर : परीक्षेत होईल. बोलण्यात फारसा होणार नाही. कुत्र्या-मांजरांचा पाऊस इंग्रजांच्या घरात पुस्तकाबाहेर आता क्वचितच पडतो. धो धो पाऊस पडत असेल तर ते 'इट्स पोअरिंग' किंवा 'इट्स बकेटिंग डाउन' म्हणतात. आपणही 'मुसळधार' म्हणताना मुसळ डोळ्यांपुढे आणत नाही आणि आता ते बहुतेक घरांत नसतेही. आपल्या मुलीने दोनशे वाक्प्रचार पाठ करण्याऐवजी महिन्याला पाच वाक्प्रचार गोष्टीत किंवा संवादात प्रत्यक्ष भेटलेले, कोण कोणाला म्हणाले यासह लक्षात ठेवले तर ते तिचे होतील. आणि ऐकून समजणे आधी, स्वतः वापरणे खूप नंतर, हा क्रम मोडू नये. चुकीच्या ठिकाणी वापरलेला वाक्प्रचार न वापरलेल्यापेक्षा जास्त खटकतो.

प्रश्न : आमच्या सूनबाई अमेरिकन आहेत. गेल्या दिवाळीत त्या प्रथमच साताऱ्याला आल्या होत्या. फराळाच्या वेळी आमच्या ह्यांनी त्यांना मोठ्या गंभीरपणे सांगितले की, अनारशावरची खसखस मोजून बरोबर शंभर दाणे घालावे लागतात. त्यावर सूनबाई हसून म्हणाल्या, 'डॅड, यू आर पुलिंग माय लेग!' हे एकदम गप्प झाले. 'मी कशाला तिचे पाय ओढू?' असे रात्री मला म्हणाले. मुलाने समजावले, तरी त्यांच्या मनातून ते गेलेले नाही. आपण सांगितले तर पटेल.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या यजमानांना माझा नमस्कार सांगावा आणि हे उत्तर वाचून दाखवावे. सूनबाईंनी त्यांच्यावर आरोप केलेला नाही. उलट त्यांनी केलेली थट्टा आपल्याला कळली आणि आवडली, असे त्यांनी सांगितले. दोन भाषांत शब्द अगदी सारखे आणि अर्थ मात्र दूरचे, असे जे थोडे वाक्प्रचार आहेत त्यांत हा सर्वांत त्रासदायक आहे. मराठीत पाय ओढणे म्हणजे वर चढणाऱ्याला मत्सराने खाली खेचणे. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे खोटेच काहीतरी खऱ्यासारखे सांगून गंमत करणे, आपल्या भाषेत फिरकी घेणे. फिरकी आपण परक्याची घेत नाही, ती घरच्या माणसाची घेतो. सूनबाईंनी तो जिव्हाळा बरोबर ओळखला, असे मला वाटते.

अगदी परके शब्द इतके फसवत नाहीत, कारण ते ऐकताच आपण सावध होतो आणि विचारतो. ओळखीचे शब्द सावध होऊ देत नाहीत. आता सूनबाई पुन्हा येतील तेव्हा उपयोगी पडेल म्हणून अशीच आणखी एक जोडी सांगतो. स्टेशनवर त्या आपल्याला 'कीप अॅन आय ऑन माय बॅग' म्हणाल्या तर त्यांना बॅगेकडे लक्ष ठेवायला सांगायचे आहे. शब्दशः घेतले तर ते 'बॅगेवर डोळा ठेवा' असे होईल, आणि आपल्याकडे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवतो तो तिची अभिलाषा धरतो. आणखी एक, जो आपल्याला नक्की आवडेल. कोणी तिकडे आपली आठवण काढली की आपल्याला उचकी लागते. त्यांच्याकडे तेव्हा कान गरम होतात. आपण फोन केल्यावर सूनबाई 'माय इअर्स वेअर बर्निंग' म्हणाल्या तर कानाला औषध सुचवू नका. तुम्ही माझ्याविषयी बोलत होतात ना, असे त्या विचारत आहेत.

प्रश्न : मी देवळाली कॅम्पचा रहिवासी असून निवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी लंडनजवळ राहते. तिच्याकडे गेलो असता शेजारच्या वयस्कर बाई चष्मा शोधता शोधता म्हणाल्या, 'आय थिंक आय ॲम गोइंग डूलॅली.' मुलीने हसत सांगितले की, हा शब्द आपल्या देवळालीवरून आला आहे. तिने माझी फिरकी घेतली की यात तथ्य आहे? आणि असल्यास, आमच्या गावाच्या नावाचा असा अर्थ व्हावा, याचे वाईट वाटावे का?
— एक वाचक, देवळाली

उत्तर : मुलीने सांगितले ते खरे आहे. ब्रिटिश सैन्याचा देवळाली येथील तळ १८६१ पासूनचा. हिंदुस्थानात आलेल्या आणि मुदत संपून मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा तेथे मुक्काम असे. मायदेशी नेणारी सैनिकी जहाजे मुंबईहून साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे त्याला पुढच्या जहाजासाठी महिनोन्महिने देवळालीत बसून राहावे लागे. कवायत नाही, काम नाही, घरी जाण्याची तारीख नाही, वर ऊन आणि हिवताप. त्या रिकाम्या वाट पाहण्यात अनेकांचे डोके ठिकाणावर राहत नसे. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला आहे, असे सोबती म्हणत. 'डूलॅली' म्हणजे त्यांच्या जिभेवरची देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसती देवळाली शिल्लक राहिली. सैनिकांबरोबर हा शब्द इंग्लंडात गेला, घराघरांत पोहोचला, आणि आज तो वापरणाऱ्या बहुतेकांना नाशिक जिल्हा ठाऊकही नसतो.

तो एकटाच गेला नाही. सैनिकांच्या तोंडून 'पक्का' तसाच गेला, 'देखो' वरून 'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, आणि आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणतात त्यात आपली 'खुशी' आहे. घरच्या ओढीने ते ज्या इंग्लंडला 'ब्लायटी' म्हणत तोदेखील आपल्या 'विलायती'चाच अपभ्रंश.

वाईट वाटण्याविषयी मी असे म्हणेन. हा शब्द हलका, घरगुती आहे. माणसे तो बहुधा स्वतःलाच लावतात, जशी त्या शेजारणीने चष्म्यापायी लावला. खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाविषयी तो वापरणे मात्र निर्दयपणाचे होईल, तेव्हा आपण तो वापरू नये. गावाची त्यात बदनामी नाही. घरापासून हजारो मैल दूर, जहाजाची वाट पाहत खचलेल्या तरुण मुलांचे दुःख त्यात साठले आहे, आणि आपले गाव त्या दुःखाचे ठिकाण होते, एवढेच तो सांगतो.

आज त्याच देवळालीत भारतीय सेनेचे तोफखाना प्रशिक्षण विद्यालय आहे, आणि आपले सारे आयुष्य त्या रस्त्यांवर गेले आहे. पुढच्या खेपेला लंडनला जाल तेव्हा कॅम्पमधल्या जुन्या बराकींचे एखादे छायाचित्र बरोबर न्यावे आणि त्या शेजारणीला दाखवावे. 'डूलॅली' हे एक गाव आहे आणि त्या गावचा माणूस आपल्या शेजारी चहा घेत बसला आहे, हे त्यांना अद्याप ठाऊक नसेल.